लोंढेबाई आणि वरची तार

लोंढेबाईंना राग आला की त्या मुलांना अहोजाहो करायच्या. एरवी "ए बाळ्या, पाटी पूस" म्हणणाऱ्या बाई एकदम मऊ आवाजात "आपण पाढे पाठ केले नाहीत वाटतं? बरं, आपण जरा उभे राहता का?" म्हणाल्या की सगळ्या वर्गाचा श्वास अडकायचा. छडी त्यांनी कधी हातात धरली नाही. गावातल्या बायका म्हणायच्या, "आमच्या बाई मारत न्हाईत, मान देत्यात. त्याचंच पोरांना लय भ्या वाटतं."

करंजवाडीच्या शाळेत दुसरी शिक्षिका म्हणून मी गेले तेव्हा बाईंची चाळिशी उलटली होती. कामशेतला उतरून एसटी, आणि एसटी जिथं संपे तिथून पुढं पायी, असं ते गाव. समोर तिकोण्याचा किल्ला, खाली पवनेचं पात्र आणि दोन्ही बाजूंना डोंगर. राहायला दुसरी जागा नव्हती म्हणून बाईंनी मला आपल्याच खोलीत घेतलं. पहिल्या दिवशी त्यांनी मला सांगितलं की त्या पहाटे मोठ्यानं बोलतात, चहा उभ्यानंच पितात आणि कुणी त्यांच्या चपला घातल्या तर त्यांना चालत नाही. चपला पुरुषांच्या होत्या, टायरच्या. डोंगरात बायकांच्या चपला टिकत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. बाईंचे यजमान फार पूर्वी गेले होते.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "शेतात जन्मभर वाकायचंच आहे. शाळेत आहात तोवर मान वर करा." हे त्या नुसतं म्हणत नसत, करून घेत. पाऊस ओसरताना सोनकीचं फूल उमललं की वर्ग बाहेर काढायचा, तसाच आकाशात बगळ्यांची रांग गेली तरी बाहेर काढायचा. घार कशी पंख न हलवता तरंगते हे दाखवायला त्यांनी एकदा भूगोलाचा अख्खा तास अंगणात घालवला होता. शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी विचारलं, "हे काय चाललंय?" बाई म्हणाल्या, "भूगोलच चाललाय. वरचा."

आणि मग विमान यायला लागलं.

भातं कापून झाली, थंडी पडली आणि आकाश धुतल्यासारखं झालं की पुण्याकडून एक छोटं पिवळं विमान यायचं. दोन माणसांचं असावं, पण आत बहुतेक एकच माणूस. विमान चालवायला शिकणाऱ्यांपैकी कुणीतरी असेल, असं गावात बोलत. ते खोऱ्यातून तिकोण्यापर्यंत जायचं, किल्ल्याला वळसा घालायचं आणि परत निघायचं. आवाज ऐकू आला की बाई हातातला खडू ठेवायच्या. मुलं धावत बाहेर. हात हलवून, टोप्या उडवून, घसे बसेपर्यंत ओरडायची. एके दिवशी त्या विमानानं डावा-उजवा पंख कलवून उत्तर दिलं. त्या दिवशी करंजवाडीत दुसरा विषय नव्हता. ज्यांच्या गावात अजून दिवा आला नव्हता त्यांना आभाळातून कुणीतरी ओळख दिली होती.

दिवा आला नव्हता, पण वीज मात्र आमच्या डोक्यावरूनच जायची. शाळेमागच्या डोंगरावर एक टॉवर, नदीपलीकडच्या डोंगरावर दुसरा, आणि मधे सबंध खोरं ओलांडून गेलेल्या तारा. घाटाखालच्या वीजघरातून निघून त्या दूरच्या कारखान्यांकडं जात. नदीकाठी ज्यांची भाताची खाचरं होती ते म्हादूआबा म्हणायचे, "बिजली आमच्या टकुऱ्यावरनं जाती आन आमी खाली चिमणी लावून बसतो." हे ते इतक्यांदा म्हणायचे की कुणी हसत नसे. तारांचंही तसंच झालं होतं. त्या होत्या, पण आम्हाला दिसत नव्हत्या.

मुलांनी विमानाला काहीतरी सांगायला हवं, ही कल्पना बाईंची. हात तर सगळेच हलवतात, आपण लिहून सांगू, असं त्या म्हणाल्या. मग नदीतले मोठे गोटे गोळा करायचं काम सुरू झालं. आमच्याकडचा दगड काळा, म्हणून त्याला चुना लावायचा. मुलांच्या अंगाखांद्यावर चुना, बाईंच्या लुगड्यावर चुना. शाळेपुढं उतार होता, अक्षरं मावली नसती. सपाट जागा एकच, म्हादूआबांचं भात काढलेलं खाचर. आबांनी खुशीनं दिलं. तिथं माणसाच्या उंचीएवढाली अक्षरं मांडली गेली: राम राम. बाई स्वतः बांधावर उभ्या राहून काना सरळ आहे का ते बघत होत्या.

पुढच्या खेपेला विमान आलं, अक्षरांवरून गेलं, पंख कलवले आणि गेलं. फार उंचावरून गेलं. मुलं हिरमुसली. वाचलं नसणार, असं सगळ्यांचं मत पडलं. बाईंनी गोट्यांना पुन्हा एकदा चुना लावून घेतला, दाट.

त्यानंतरच्या वेळी ते किल्ल्याला वळसा घालून परत आलं ते खालून आलं. खोऱ्यातून, नदीच्या अंगानं, आम्ही कधी पाहिलं नव्हतं इतकं खाली. आतल्या माणसाचं डोकं दिसत होतं. मुलं आनंदानं किंचाळत होती. बाईही ओरडत होत्या, मी त्यांना तसं ओरडताना प्रथमच पाहत होते. मग आवाज झाला. पत्र्याची मोठी पेटी दोन्ही हातांनी फाडावी तसा. निळी ठिणगी उडाली, एक तार सापासारखी उसळली, आणि ते पिवळं विमान नाकावर कलंडून नदीच्या काठाला पडलं.

म्हादूआबा आणि दोनतीन गडी धावले. मीही धावले. मागं वळून पाहिलं तेव्हा बाई मुलांपुढं हात पसरून उभ्या होत्या. आवाज अगदी मऊ होता. "आपण सगळे खाली बसा. आपण तोंडं शाळेकडं करा. आपण डोळे मिटा बरं." मुलांना वाटलं, बाई रागावल्या. एक लहानगी रडत रडत म्हणाली, "बाई, आमी न्हाई काय केलं." बाईंनी तिचं डोकं पोटाशी धरलं आणि पुन्हा म्हणाल्या, "आपण पाढे म्हणा." मुलं पाढे म्हणत बसली. खाली नदीकाठी आबांनी आपलं घोंगडं काढून विमानातल्या त्या पोरावर घातलं. पोरच होतं ते. मिसरूड फुटून फार दिवस झाले नसतील.

पोलीस आले, मग पुण्याहून माणसं आली, तारा जोडायला टोळी आली. चौकशीला आलेल्या साहेबाला बाईंनी स्वतःहून जाऊन सांगितलं, "अक्षरं आम्ही मांडली होती. तारांच्या खाली. जागा मी ठरवली." साहेब दमलेला होता. म्हणाला, "बाई, त्याला तार दिसली नाही. तुमचा काय संबंध?" गावानंही तेच सांगितलं. सरपंच म्हणाले, आबा म्हणाले, मीही म्हणाले. जो तो सांगत होता की तुमचा संबंध नाही, आणि दर वेळी बाईंचा चेहरा आणखी आक्रसत होता.

गोटे त्यांनी एकटीनं उचलले. कुणाला हात लावू दिला नाही. एकेक गोटा नदीपर्यंत न्यायच्या, पाण्यात बुडवून चुना निघेपर्यंत घासायच्या आणि सोडून द्यायच्या. हातांची सालटी निघाली.

त्यानंतर "मान वर करा" हे त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. आकाशात कुठंही घरघर झाली की त्या वर्गाची दारं-खिडक्या लावून घ्यायच्या आणि मुलांना मोठ्यानं कविता म्हणायला लावायच्या. मुंबईकडं जाणारी मोठी विमानं उंचावरून जायची, त्यांचा तारांशी काही संबंध नव्हता, तरीसुद्धा. पोरं अंधारात कविता ओरडायची, आणि बाई खिडकीची कडी दाबून धरून उभ्या असायच्या.

उन्हाळ्यात एक गृहस्थ शाळेत आले. कोट, टोपी, हातात कापडी पिशवी. उन्हातून चालून चेहरा लाल झाला होता. विमानातल्या त्या मुलाचे ते वडील. जागा बघायची आहे, म्हणाले. बाईंनी त्यांना पाणी दिलं, चहा केला, आणि आम्ही तिघं नदीकाठी गेलो. बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते बराच वेळ वर तारांकडं बघत राहिले. मग खाचराच्या बांधावर टेकले.

"त्यानं घरी सांगितलं होतं," ते म्हणाले. "तिकडं मुलांनी खाली काहीतरी लिहिलंय, पण उंचावरून लागत नाही. पुढच्या वेळी जरा खाली जाऊन वाचतो, म्हणाला."

बाई उभ्याच होत्या. "मी लिहायला लावलं होतं ते," त्या म्हणाल्या.

त्यांनी मान वळवून बाईंकडं पाहिलं. राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं बाई मला पुढं कितीदा तरी म्हणाल्या. त्यांनी फक्त विचारलं, "काय होतं?"

"राम राम."

त्यांनी ते दोन शब्द तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिले. मग म्हणाले, "आमची ही रोज विचारते. काय लिहिलं होतं, काय लिहिलं होतं. आता जाऊन सांगतो तिला." पिशवीतून त्यांनी पेढ्यांचा पुडा काढून माझ्या हातात दिला, मुलांना वाटा म्हणाले. त्याचा वाढदिवस होता तो. एसटीच्या वाटेला लागल्यावर ते थांबले आणि परत आले.

"बाई, त्यानं वाचलं असेल का हो?"

कुठल्याही प्रश्नाला उत्तर असणाऱ्या बाई. तपासनीसाला, पाटलाला, आभाळाला उत्तर देणाऱ्या. त्या पदराच्या टोकाला गाठ मारत राहिल्या. त्या गृहस्थांनी नमस्कार केला आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई लोणावळ्याला गेल्या. तारांची देखभाल करणाऱ्यांचं एक कार्यालय तिथं होतं. संध्याकाळी परतल्या तेव्हा कित्येक महिन्यांनी त्यांच्या बोलण्यात धार होती. तिथला इंजिनिअर तरुण होता, भला होता. त्यानं त्यांना खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं. त्यांनी ते मला तसंच्या तसं सांगितलं, फळ्यावर आकृती काढून.

"विमानातून टॉवर दिसतो, तार दिसत नाही. म्हणून परदेशात काय करतात, तर तारेवर रंगीत गोळे अडकवतात. पोकळ असतात, हलके. सगळ्यात वरच्या तारेवर, कारण तिच्यात वीज नसते, ती आकाशातली वीज झेलायला असते. एक नारिंगी, एक पांढरा, पुन्हा नारिंगी. का, तर हिरव्या डोंगरावर नारिंगी उठून दिसतो आणि काळ्या ढगावर पांढरा. वैमानिकाला लांबून कळतं, इथं आडवी तार आहे." खडू खाली ठेवून त्या म्हणाल्या, "इतकं साधं आहे, कुसुम. चेंडू लावायचेत."

इंजिनिअरनं हेही सांगितलं होतं की असे गोळे लावायचे तर विमानतळाजवळ लावतात, इथल्या डोंगरात तसा नियम नाही, पण मी वर विचारतो. तेव्हापासून दर शनिवारी शाळा सुटली की बाई चालत सुटायच्या. एसटीनं कामशेत, तिथून आगगाडीनं लोणावळा. कार्यालयाच्या व्हरांड्यात एक बाकडं होतं, त्यावर बसायच्या. मी म्हणायची, बाई, अर्ज करा. त्या म्हणायच्या, "कागद टेबलावर पडून राहतो. मी समोर बसले तर त्यांना माझ्यावरून उडी मारून जावं लागतं." उत्तर ठरलेलं असायचं. वरून अजून काही आलं नाही. पुढं तो भला इंजिनिअर बदलून गेला. त्याच्या जागी आलेल्यानं विचारलं, "मुलगा तुमचा होता का?" बाई म्हणाल्या, "नाही." "नातेवाईक?" "नाही." "मग?" यावर बाई उठून बाहेर पडल्या. त्या दिवशी त्या लोणावळ्याहून परत आल्या आणि जेवल्या नाहीत.

गणपती झाले, दिवाळी आली, पुन्हा थंडी पडली आणि एका सकाळी खोऱ्यात पुन्हा एक छोटं विमान घरघरत शिरलं. दुसरं होतं, निळसर. बाई वर्ग सोडून धावत सुटल्या. अंगावरची लाल शाल काढून ती दोन्ही हातांनी फडकवत त्या नदीकडं पळत होत्या, "जा, जा, वर जा," असं ओरडत. विमानातल्या माणसाला काय वाटलं असेल? कुणीतरी संकटात आहे, बोलावतंय. ते वळलं आणि खाली आलं. बाईंच्या लक्षात आलं तशा त्या मटकन खाली बसल्या, शाल अंगाखाली घेतली, पालथ्या पडल्या. विमान तारांच्या वरून गेलं. किती वरून ते देव जाणे. गेलं एवढं खरं.

त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना रडताना पाहिलं. "मी हात केला तरी मरतात," त्या म्हणाल्या. "बोलावलं तरी येतात आणि हाकललं तरी येतात. मी करू काय गं?"

मग टोपल्यांचं खूळ आलं. कामशेतच्या बुरुडाकडून त्यांनी गोल टोपल्या करून आणल्या. दोन टोपल्या तोंडाला तोंड लावून बांधल्या की झाला गोळा. एकाला गेरू, एकाला चुना. तारेला हात लावता येणार नव्हता, म्हणून तारांच्या खालून, डोंगरापासून नदीपर्यंत, उंच कळकाचे बांबू रोवून त्यांच्या टोकांना हे गोळे. गावानं आधी चेष्टा केली. इमानाचं बुजगावणं, म्हणायचे. पण कळक रोवायला म्हादूआबाच पहिले आले आणि मग वरच्या वाडीवरचा गेनू आला. गेनू त्या तारांच्या टोळीत खलाशी होता, म्हणजे टॉवरवर चढणारा. दोन हिवाळे ते गोळे उभे राहिले. पावसाळ्यात टोपल्या कुजायच्या, वाऱ्यानं कळक आडवे व्हायचे. बाई पुन्हा उभे करायच्या. पण कळक ते किती उंच? तारा त्यांच्याहून कितीतरी वर. वरून बघणाऱ्याला शेतात काहीतरी लावलंय एवढंच दिसणार, हे त्यांनाही ठाऊक होतं.

एका रविवारी मी नदीवर धुणं धूत होते. वरून पोरं ओरडत आली, बाई टावरवर चढल्यात. पोचले तेव्हा बाई कासोटा घालून, कवटी काढलेल्या धोक्याच्या पाटीच्याही वर, लोखंडी काटेरी तारांच्या वेढ्यातून हात घालून चढलेल्या होत्या. लुगडं फाटलं होतं. खाली सगळं गाव जमलेलं, कुणाला हाक मारायची हिंमत नव्हती, दचकल्या तर काय. गेनूला बोलावून आणलं. तो त्यांच्या मागं चढला नाही. खालीच बसला, तंबाखू मळायला घेतली आणि नेहमीच्या आवाजात बोलायला लागला.

"बाई, अजून वर न्हाई जायचं. हात लावायला लागत न्हाई, जवळ गेलं तरी ती वढून घेती."

"मला हात लावायचा नाही गेनूभाऊ," वरून आवाज आला. "मला तार वरून बघायचीय. दिसते का ते बघायचंय."

"दिसली का?"

वारा होता. मग बाई म्हणाल्या, "नाही दिसत. रानात मिसळून जाते."

"मग झालं तुमचं काम. आता उतरा. उजवा पाय खाली घ्या. तितंच पट्टी हाय. आता डावा."

गेनूनं त्यांना एकेक पाय सांगत खाली आणलं. खाली आल्या तेव्हा दोन्ही हात रक्तानं भरले होते. माझ्याकडं बघून हळूच म्हणाल्या, "तो आंधळा नव्हता गं. तार दिसतच नाही."

इतके दिवस त्यांच्या मनात तेही होतं, हे मला तेव्हा कळलं. त्यानं अक्षरांकडं बघता बघता समोर बघितलं नाही, आपल्या अक्षरांनी त्याचे डोळे बांधले, असं त्या समजत होत्या.

पण टॉवरची गोष्ट वर पोचली. मुलांची जबाबदारी असलेल्या बाईचं डोकं फिरलंय, असं कुणीतरी सांगितलं असणार. त्यांची बदली कान्ह्याच्या बाजूला झाली. निघताना मुलं रडली, बायकांनी भाकऱ्या बांधून दिल्या. त्या गेल्यावरच्या पावसाळ्यात उरलेले कळक पडले आणि ते पुन्हा कुणी उभे केले नाहीत. मीही नाही. माझं लग्न झालं होतं, घरची कामं होती. शिवाय तोवर धरणाचं काम जोरात सुरू झालं होतं आणि गावाला आपापल्या जमिनीचं पडलं होतं.

धरण भरलं. म्हादूआबांचं खाचर पाण्याखाली गेलं. विमान पडलं ती जागा, अक्षरं मांडली ती जागा, बाईंनी गोटे सोडले तो नदीचा डोह, सगळं एकाच पाण्याखाली. आबा घाटमाथ्यावर पोराकडं गेले आणि तिथंच वारले. धरण बघायला मोठी माणसं यायला लागली, त्यांतली काही हेलिकॉप्टरनं. आणि एक दिवस तारांच्या टोळीची गाडी आली. गेनू आता टोळीचा मुकादम झाला होता. चार दिवस खोऱ्यात त्यांची धावपळ चालली होती. ती संपली तेव्हा पाण्यावरून गेलेल्या वरच्या तारेवर गोळे होते. नारिंगी, पांढरा, पुन्हा नारिंगी.

लोकांनी नाना तर्क केले. कुणी म्हणालं ते करंट साठवायचे डबे आहेत, कुणी म्हणालं घारी बसू नयेत म्हणून, आणि एक म्हातारी म्हणाली धरणाला दृष्ट लागू नये म्हणून. शाळेतल्या मुलांना मी खरं काय ते सांगितलं.

बाई निवृत्त होऊन कान्हे स्टेशनजवळ भाचीकडं राहत होत्या. मी गेले तेव्हा दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. फार वाळल्या होत्या. मी नुसतं म्हटलं, "बाई, लागले." त्यांनी सूप खाली ठेवलं आणि चपला घातल्या. भाचीला काय ते मलाच सांगावं लागलं.

पवनानगरच्या फाट्यावर एसटीतून उतरलो. ऊन चांगलं होतं. पाणी लख्ख पसरलं होतं आणि त्याच्यावरून ती तार गेली होती. बाईंनी कपाळावर आडवा हात धरला. इतक्या लांबून ते गोळे लहान दिसत होते, मुलांनी अंगणात विसरलेल्या चेंडूंएवढे. मला वाटलं होतं त्या रडतील, किंवा हात जोडतील. मी गेनूचं सांगितलं, की गोळे अडकवताना त्यानं तुमची आठवण काढली. त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही.

"एवढंसंच होतं गं," त्या म्हणाल्या.

मग पुन्हा, स्वतःशीच, "एवढंसंच."

आणि हात खाली घेतला. मी म्हटलं, चला घरी, भाकरी खाऊ, उद्या जा. त्या नको म्हणाल्या. परतीची एसटी तिथंच उभी होती. बाई चढल्या आणि डोंगराकडच्या बाजूची खिडकी धरून बसल्या, पाण्याच्या बाजूची रिकामी असताना. शेजारी एक बाई मूल घेऊन बसली होती. मी खाली उभी होते. गाडी सुटली तेव्हा ते मूल पलीकडच्या खिडकीतून वर गोळ्यांकडं बोट दाखवून आईला काहीतरी विचारत होतं. आईला ठाऊक नसावं, तिनं लोंढेबाईंकडं पाहिलं. बाई त्या मुलाच्या बोटाकडं बघत होत्या. ते दाखवत होतं तिकडं त्यांनी पाहिलं नाही. गाडी वळणाआड गेली तोवर तरी नाही.